ढासळणारा कडा

मेरीलँडमध्ये चेसापीक उपसागराच्या पश्चिम काठाला कॅल्व्हर्ट क्लिफ्सचे उंच कडे आहेत. खडक म्हणावा तर नखानेही उकरता येतो. वाळू, गाळ, निळसर चिकणमाती आणि मधूनच शिंपल्यांचा गच्च पांढरा पट्टा. भूशास्त्रात या थरांना चेसापीक गट म्हणतात. सुमारे 2 कोटी ते 80 लाख वर्षांपूर्वी इथे उथळ समुद्र होता. देवमासे, डॉल्फिन आणि मेगॅलोडॉन नावाचा अजस्र शार्क त्यात वावरत. याच गटातल्या, व्हर्जिनियाकडच्या थरांतल्या एका शिंपल्याचं चित्र मार्टिन लिस्टर यांनी 1687 साली इंग्लंडमध्ये छापलं. उत्तर अमेरिकेतल्या जीवाश्माचं ते पहिलं शास्त्रीय चित्र मानलं जातं.

वॉशिंग्टनच्या आसपासची आमची मुलं सुट्टीच्या दिवशी चाळणी घेऊन इथल्या पुळणीवर येतात. ओल्या खड्यांत सारखं बघत राहिलं की काहीतरी काळं चमकतं. तो शार्कचा दात. मूळ खरखरीत, पातं गुळगुळीत. काहींच्या कडेवरून अंगठा फिरवला तर बारीक करवत अजून लागते. शार्कचा सांगाडा कूर्चेचा, तो सहसा टिकत नाही. दात मात्र जन्मभर पडतात आणि नवे येतात, म्हणून ते इतके सापडतात. हातातला दात ज्या तोंडातून गळला, तो मासा त्यानंतरही पोहत राहिला असेल, हा विचार मला फार आवडतो.

हे सगळं हाती लागतं ते कडा ढासळतो म्हणून. लाटा पायथा पोखरतात, पावसाचं आणि हिवाळ्यात गोठणारं पाणी वरून भेगा रुंदावतं, आणि एखाद्या दिवशी अख्खा भाग खाली येतो. स्टेट पार्कात कड्याखाली जायला बंदी आहे, ती रास्तच.

वर, अगदी कडेला, माणसांची घरं आहेत. दरवर्षी अंगण आखडत जाताना बघणाऱ्यांना पायथ्याशी दगडांचा बांध हवा असतो. पण कडा स्थिरावला की त्यावर झाडोरा माजतो, आणि प्युरिटन टायगर बीटल हा भुंगेरा तिथून उठतो. त्याच्या अळ्या उघड्या, नुकत्या कोसळलेल्या भिंतीतच बिळं करतात. चेसापीक आणि कनेक्टिकट नदी सोडली तर तो कुठेच नाही. 1990 पासून संकटग्रस्तांच्या यादीत आहे. घर जाण्याचं दुःख मला कळतं. तरीही जिथे अजून घरं नाहीत तिथला कडा मोकळाच राहावा आणि त्याच्या माथ्यावर नवी बांधकामं होऊच नयेत, असं मला मनापासून वाटतं.