पाठ म्हणणं आणि बोलणं

आळंदीतल्या लेकरांच्या तोंडी ‘माऊली’ लवकर येतं. ‘म’ ओठांवरचा, सोपा. ‘रामकृष्ण हरी’ मात्र बराच काळ ‘लामकृष्ण हली’च असतं. मी स्पीच थेरपिस्ट. या ‘ल’पायी घाबरून आलेल्या आईबापांना मी निर्धास्त घरी पाठवते. तीन वर्षांच्या पोराचं बोबडेपण आहे ते. ‘र’, ‘श’, ‘ळ’ सावकाश बसतात.

माझं लक्ष असतं ते गप्प मुलांकडे, आणि कधी कधी भरपूर ‘बोलणाऱ्यां’कडेही. एक आजोबा अडीच वर्षांच्या नातवाला घेऊन आले. पोरानं हरिपाठातले अभंग धडाधड म्हणून दाखवले. मी घट्ट झाकणाच्या बरणीत बिस्कीट ठेवून त्याच्यापुढे सरकवली. थोडी खटपट करून त्यानं माझं मनगट धरलं आणि हात झाकणावर नेऊन ठेवला. तोंडाकडे एकदाही पाहिलं नाही. बोट दाखवलं नाही, ‘दे’ म्हणाला नाही. “अहो मॅडम, पाठांतर बघा की त्याचं!” आजोबा म्हणाले. पाठांतर खरंच उत्तम होतं. मागणं, सांगणं, विचारणं अजून सुरूच झालं नव्हतं.

म्हणून शब्द मोजण्याआधी मी हे बघते: वर्षाच्या आसपास मूल हाकेला वळतं का, बोट दाखवतं का, टाटा करतं का? दीड वर्षापर्यंत एकही अर्थाचा शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत ‘पाणी दे’सारखी जोडी नाही, तीन वर्षांचं झालं तरी परक्याला बहुतेक बोलणं कळत नाही, तर दाखवायला हवं. येत असलेले शब्द गेले, तर वय कितीही असो, थांबू नये.

थांबायला कारणं मात्र घरोघरी तयार असतात. ‘मुलगे उशिराच बोलतात.’ ‘याचा बापही चौथ्या वर्षी बोलला.’ ‘वेखंड चाटवा.’ ‘जीभ चिकटलीय, कापून टाका.’ चिकटलेल्या जिभेनं अंगावर पिणं अवघड होतं, एखादा आवाज अडतो. पण शब्दच न येण्याचं कारण सहसा ती नसते. चाकणच्या कारखान्यांत कामाला आलेल्या परप्रांतीय घरांत दोष दोन भाषांवर जातो. दोन भाषांनी मूल मुकं होत नाही. दोन्हींतले शब्द मिळून मोजायचे.

आमच्या गावचं खास कारण म्हणजे ‘दिंडीतल्या पखवाजाला दचकतो, कान चांगलेत.’ पखवाज मोठा आणि भारदस्त. ‘स’, ‘श’ हे बारीक, उंच आवाज. पखवाज ऐकू येऊनही ते निसटू शकतात. म्हणून कानांची तपासणी पहिली, बाकी सगळं नंतर.

खर्चाची धास्ती असेल त्यांनी अंगणवाडीताईंना गाठावं. 2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी ठरलेली आहे आणि पुढचे उपचार मोफत आहेत.

त्या आजोबांनी विचारलं, “मग हरिपाठ बंद करू का?” मुळीच नको. चरण अर्ध्यावर सोडा, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर बसा आणि थांबा. त्यानं तुमच्याकडे पाहिलं की लगेच पुढचा शब्द द्या. आणि कानांच्या तपासणीची तारीख चुकवू नका.