रांगेतला कावळा

मी पेंटर आहे. नायगावात बाजाराच्या रस्त्याला माझं छोटं दुकान आहे, पण दुकानात मी फारसा सापडत नाही. माझा दिवस शिडीवर जातो. नायगाव, बिलोली, मुखेड, देगलूर या तालुक्यांतल्या कितीतरी शाळांच्या आणि अंगणवाड्यांच्या भिंती मी रंगवल्यात. बाराखडी, पाढे, महाराष्ट्राचा नकाशा, फळं, भाज्या, हात धुवायच्या पद्धती. मास्तरलोक त्यांना ‘बोलक्या भिंती’ म्हणतात. आणि या सगळ्यांच्या मधोमध, दाराच्या शेजारी, जिथं पोरांची नजर आधी पडते तिथं छोटा भीम.

शिडीखाली पोरं जमतात आणि एक प्रश्न हमखास येतो : “काका, तुम्हाला कंचं कार्टून आवडतंय?”

मला न बोलणारं चित्र आवडतं. ज्याच्याखाली ओळ लिहिलेली नसते, ज्यात कुणी तोंड उघडत नाही, आणि तरी बघणारा हसतो. हे पोरांना दोन वाक्यांत सांगता येत नाही, कारण त्याची सुरुवात माझ्या आजीपासून होते.

आजीला आम्ही अव्वा म्हणायचो. तिचं माहेर धर्माबादकडचं, बोलणं तेलुगू. लग्न होऊन आली तेव्हा आमचा भाग निजामाच्या राज्यात होता. घरात मराठी, गल्लीत दखनी, तांड्यावरून बाजाराला येणाऱ्या बायांची गोरमाटी वेगळीच. अव्वाला कामापुरती मराठी छान यायची. पण विनोद कामापुरत्या मराठीत कळत नाही. रात्री जेवणं झाल्यावर घरातलं कुणी काहीतरी गमतीचं सांगायचं, सगळे हसायचे, आणि अव्वा सगळ्यांच्या मागून हसायची. आमच्याकडं बघून, आम्हाला सोबत म्हणून.

मी प्राथमिक शाळेत होतो तेव्हा बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकांत शि. द. फडणीसांची चित्रं होती. ती सत्तरच्या दशकात आली. तोवर गणिताच्या पुस्तकात हसण्यासारखं काही असू शकतं असं कुणाच्या मनातही आलं नसेल. मला तेव्हा फडणीस कोण ते ठाऊक नव्हतं. एवढं आठवतं, की चुलीजवळ बसून मी बेरजा करत होतो आणि अव्वा माझ्या खांद्यावरून वाकून चित्र बघत होती. ती हसली. माझ्या आधी हसली. माय बाहेरून म्हणाली, “कामून हसायलाव?” तर अव्वानं पुस्तकच उचलून तिला दाखवायला नेलं. अव्वाला अक्षर वाचता येत नव्हतं. त्या चित्रात तिला कुणाची वाट बघावी लागली नाही. नंतर रोज ती पुस्तक मागायची, आणि मी पानं उलटून द्यायचो.

त्या पुस्तकातली चित्रं मी पाटीवर उतरवायला लागलो. तिथून माझा हात सुरू झाला.

फडणीसांचं नाव मला कळलं ते नांदेडला वजिराबादेत एका उस्तादांकडे काम शिकायला लागल्यावर. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागच्या फळ्या, निवडणुकीच्या भिंती अशी सगळी कामं तिथं यायची. उस्तादांना दोन गोष्टींचं वेड होतं. एक, गुलबर्ग्याचे दखनी शायर सुलेमान खतीब. ‘केवडे का बन’ हा त्यांचा संग्रह, आणि त्यातलं कितीतरी उस्तादांना तोंडपाठ होतं. दिवसभर ब्रश चालायचा आणि सोबत त्या हसवता हसवता रडवणाऱ्या कविता. दुसरं वेड जुन्या दिवाळी अंकांचं. त्यांना मराठी वाचायचा कंटाळा, पण ‘आवाज’, ‘जत्रा’, ‘मोहिनी’ रद्दीतून शोधून आणायचे, ते फक्त चित्रांसाठी.

त्यातच ते प्रसिद्ध मुखपृष्ठ मी पहिल्यांदा बघितलं. एका तरुणाच्या शर्टावर मांजरांची नक्षी, आणि शेजारच्या तरुणीच्या साडीवर उंदरांची. झालं, एवढंच. पन्नासच्या दशकातलं चित्र, मोहिनीचं. उस्तादांनी ते माझ्यापुढं धरलं आणि विचारलं, यात काय काढलेलं नाही ते सांग. मी बराच वेळ बघत राहिलो. दोघांत काही घडलेलं नाही. कुणी पळत नाही, कुणी झडप घालत नाही. पुढं काय होईल ते सगळं बघणाऱ्याच्या डोक्यात. चित्रकारानं कापडावर नक्षी काढली आणि बाजूला झाला. माझ्या धंद्यात याहून मोठा धडा मला कुणी दिलेला नाही.

पुढं वाचलं, की फडणीसांचा जन्म १९२५चा, बेळगाव जिल्ह्यातल्या भोज गावचा. म्हणजे मराठी आणि कानडी जिथं एकमेकींत मिसळतात तिथला. मला फार बरं वाटलं. सीमेवरच्या माणसाला हे कळत असणार, की शेजाऱ्याला हसवायचं तर त्याची बोली येण्याची वाट बघत बसायचं नाही. वसंत सरवट्यांची रेघ मला तितकीच आवडते, पण सरवटे वाचणाऱ्या घरात जास्त खुलतात. फडणीस न वाचणाऱ्या घरातही राहतात. आमचं घर तसं होतं, म्हणून माझा कल तिकडं.

आर. के. लक्ष्मण यांचा चौकड्यांचा कोट घातलेला सामान्य माणूसही मला याच घराण्यातला वाटतो. बाजूला उभा राहून बघतो, बोलत नाही. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ मात्र बोलका, आणि तरी माझा लाडका. २१ नोव्हेंबर १९९१ला तो ‘सकाळ’मध्ये सुरू झाला. आमच्या भागातून पुण्याला कामाला जाणाऱ्यांची गर्दी तेव्हाच वाढत होती. माझा भाऊ पिंपरीला कंपनीत लागला. सुट्टीला येताना तो सामान पुण्याच्या पेपरात गुंडाळून आणायचा. माय सामान उलगडायची आणि मी पेपर. चुरगळलेला चिंटू तांब्यानं सपाट करून मी एका वहीत चिकटवायचो. क्रम नाही, तारखा नाहीत, एखाद्या पट्टीचा शेवटचा चौकोन फाटलेला. चिंटू, पप्पू, मिनी, बगळ्या. त्यांच्या वाड्या-बंगल्यांशी माझ्या गल्लीचा काही संबंध नव्हता, पण आईला शब्दात पकडणारं पोरगं आमच्याही घरात होतं. ती वही आजही दुकानात आहे. फाटलेल्या पट्ट्यांचे शेवट मी स्वतः काढून बघायचो. हाच माझा छंद झाला आणि अजून तोच आहे : लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर संध्याकाळी काहीतरी हसरं काढायचं.

न बोलणाऱ्या चित्रांचं एवढं कौतुक करतोय, तर लक्ष्मण देशपांडे यांचं नाव घेतलंच पाहिजे, कारण त्यांच्याइतकं बोलून कुणी आम्हाला हसवलेलं नाही. ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’. औरंगाबादच्या विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवणारा एक माणूस १९७९ साली एकटा रंगमंचावर उभा राहतो आणि पन्नासच्या वर माणसं उभी करतो. आम्हाला तो प्रयोग कॅसेटवर मिळाला. पाट्या रंगवताना टेपवर तो लावलेला असायचा. आमच्यासारखी बोलणारी माणसं, आमच्यासारखी हेल काढणारी, आणि ती लंडनला निघालेली! तोवर नाटका-सिनेमात आमची बोली आली की ती नोकराच्या तोंडी यायची. देशपांड्यांच्या वऱ्हाडात तीच बोली यजमान होती. ते हसवायचे, पण त्या म्हाताऱ्याला, त्या बाईला कधी खाली बघायला लावलं नाही. ते २००९ साली गेले. पुढं माजलगावच्या संदीप पाठक यांनी तो प्रयोग हाती घेतला याचा मला मनापासून आनंद आहे.

याच मापानं मी टीव्हीवरचं सगळं मोजतो. रात्री साडेआठ-नऊला जेवून मी, बायको आणि पोरगी ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ लावतो. एखादं प्रहसन इतकं जमून येतं की बायकोला पाणी प्यावं लागतं. पण कुणाच्या रंगावर, जाडेपणावर, दातांवर विनोद सुरू झाला की माझं लक्ष उडतं. मला तिथं उस्ताद आठवतात. ते म्हणायचे, माणसाचं नाक मोठं काढणं सोपं आहे, त्याचा स्वभाव नाकावर आणणं अवघड.

मधे आमच्या धंद्याची वाईट वर्षं आली. दोन हजारनंतर फ्लेक्स आलं आणि पाट्या रंगवायचं काम झपाट्यानं आटलं. नांदेडातले कितीतरी पेंटर बांधकामावर गेले, काही रिक्षा चालवायला लागले. मला शाळांच्या भिंतींनी धरून ठेवलं. फ्लेक्स ऊन-पावसात फाटतं. भिंत आधी चांगली घासली, प्रायमर नीट मारला तर ऑइल पेंट वर्षानुवर्षं टिकतो. सरपंच आणि मास्तर यांना ते पटलं.

भिंतींबरोबर भीम आला. हैदराबादच्या ग्रीन गोल्ड कंपनीनं तो केला, २००८ साली टीव्हीवर आणला. आमचं नायगाव नांदेड-हैदराबाद रस्त्यावरच. कापड, मिरची, मजूर या रस्त्यानं जात-येत राहिले. आता लाडू खाणारा एक गोल चेहऱ्याचा पोरगाही आला. भीम काढायला सुटसुटीत आहे. मोबाइलवर चित्र घ्यायचं, भिंतीवर सूत मारून चौकटी पाडायच्या, खडूनं आकार, मग रंग, काळी रेघ सगळ्यात शेवटी. मला तो आवडतो. तो गावातला आहे, त्याचा दिवस झाडं, तळं, मिठाई करणारी मावशी यांच्यात जातो.

डोरेमॉन मला एका पोरीनं शिकवला. कुंटूरकडच्या एका शाळेत मी निळा रंग भरत होतो, तर ती खालून म्हणाली, “काका, त्येचे कान उंदरानं खाल्लेत, म्हनून त्यो उंदराला भितोय.” मांजर उंदराला भितं! जपानच्या फुजिको फुजिओंनी १९६९ साली काढलेलं मांजर आणि फडणीसांच्या मोहिनीवरची मांजरं माझ्या डोक्यात एकदम शेजारी येऊन बसली. मी तिला मोबाइलवर ते मुखपृष्ठ दाखवलं. तिला क्षणही लागला नाही. मग मोबाइल सगळ्या शाळेत फिरला आणि माझं दुपारचं अर्धं काम राहिलं.

मोटू-पतलू मी काढतो, कारण मागतात. पण मन लागत नाही. कुणीतरी आपटलं, कुणीतरी सुजलं, की हसा. पोरं हसतात हे खरं. त्या हसण्यात ती चित्राकडं दुसऱ्यांदा बघत नाहीत. दुसऱ्यांदा बघायला लावणारं चित्र मला मोठं वाटतं.

म्हणून मी प्रत्येक भिंतीवर एक कोपरा मागून घेतो. हातभर जागा, फुकट. त्यात माझं चित्र. सुरुवातीला एसटीच्या खिडकीतून बाहेर बघणारी शेळी काढली, तोंडात तिकीट, अर्धं खाल्लेलं. ती बऱ्याच गावांत आहे. पण ज्या चित्रामुळं माणसं मला ओळखतात ते २०१६च्या उन्हाळ्यातलं.

त्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. आमच्याकडंही विहिरी तळाला गेल्या होत्या. ज्या गावात मी काम करत होतो तिथं रंग पातळ करायला पाणी लागायचं नाही, पण ब्रश धुतल्यावर हात धुवायला मागायची मला लाज वाटायची. शाळेसमोरच सार्वजनिक नळ होता. सकाळपासून त्यापुढं घागरी, हंडे, प्लॅस्टिकचे डबे रांगेत ठेवलेले असायचे, माणसं सावलीला. मी शिडीवरून ती रांग रोज बघत होतो.

मी कोपऱ्यात नळ काढला. त्याखाली घागरींची लांब रांग. आणि रांगेत सगळ्यात शेवटी, आपला नंबर धरून, चोचीत खडा घेऊन उभा असलेला कावळा.

पोरांना तहानलेल्या कावळ्याची गोष्ट पहिलीपासून पाठ. पोरंच आधी हसली. मग पाणी भरायला आलेल्या बाया येऊन उभ्या राहिल्या. एक म्हातारी, डोक्यावर चुंबळ तशीच, बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “ह्येला बी नंबर लावाया लागलाय की.” मग बायांत जे हसणं पसरलं ते मी कधी विसरणार नाही. त्यात कुणाची टिंगल नव्हती. दुष्काळ तेवढाच होता, हंडे तेवढेच रिकामे होते. पण त्या उन्हात उभ्या असलेल्या बाया स्वतःच्याच रांगेकडं बघून हसत होत्या, आणि त्यांच्यातल्या दोघी-तिघी आपसांत तेलुगू बोलत होत्या. कुणीही कुणाच्या मागून हसलं नाही. अव्वा असती तर काय म्हणाली असती हे मला चांगलं ठाऊक आहे : ती काही म्हणाली नसती, कुणालातरी हाताला धरून भिंतीजवळ घेऊन गेली असती.

तो कावळा मग मला बऱ्याच शाळांतून मागितला गेला. मी देतो, पण दर वेळी रांग त्या गावची काढतो. कुठं घागरी, कुठं निळे बॅरल, कुठं बैलगाडीवरची टाकी.

सध्या नरसीच्या पुढं एका अंगणवाडीचं काम चालू आहे. ताईंनी भीम, चुटकी आणि जग्गू माकड सांगितलंय, ते झालं. कोपरा बाकी आहे. माझ्या मनात ज्वारीच्या रानातलं बुजगावणं आहे : हातात छडी, डोक्यावर मडकं, आणि समोरच्या तारांवर पाखरं शिस्तीत बसलेली, प्रत्येकाच्या पुढ्यात पाटी. एक पाखरू मागच्या मागे कणीस खातंय. पत्रिकेच्या पाठीवर काढून बायकोला दाखवलं. ती म्हणाली, त्या पाखराला मधल्या ओळीत घ्या, मागं कुणाला दिसायचं नाही. बरोबर आहे तिचं. उद्या काळ्या रंगाचा छोटा डबा आणि बारीक ब्रश घेऊन जायचंय.