दादीचं नाक

आमच्या कोपरगावात नाकाला सुट्टी नसते. गोदावरीच्या कालव्यांनी तालुक्यात पाणी आणलं, पाण्यानं ऊस आणला आणि उसानं कारखाने. दिवाळीच्या आगेमागे गळीत हंगाम सुरू झाला, की कोळपेवाडीच्या नाहीतर सहजानंदनगरच्या रस्त्यानं जाताना उसाच्या रसाचा आणि मळीचा वास नाकात शिरतो तो शिरतोच. पण आम्हा भावंडांच्या लेखी गावाचा खरा वास म्हणजे अम्मीच्या शेगडीचा.

घरात ओव्हन नव्हता. रमजानच्या शेवटच्या आठवड्यात मैदा, पिठीसाखर, तूप घेऊन आम्ही बेकरीत जायचो. आमच्या पत्र्याची पाळी येईपर्यंत भट्टीपाशी बसून राहायचं आणि नानकटाईचा गरम डबा डोक्यावर घेऊन घरी यायचं. दूध-अंड्याचं पुडिंग मात्र अम्मी घरीच करायची. आटवलेलं दूध, सहा अंडी, साखर, वेलची आणि किसलेलं जायफळ. पातेलं मंद शेगडीवर, झाकणावर निखारे. वर-खाली दोन्हीकडून धग. घड्याळाकडे ती बघायचीही नाही. अंगणात धुणं वाळत घालताना मधेच थांबायची आणि म्हणायची, "उतारो, हो गया." एकदाही चुकली नाही.

२०२१ च्या रमजानात कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनं अम्मीला गाठलं. ताप उतरला, खोकला गेला, पण वास परत आला नाही. तिनं सांगितलंही नाही. त्या हिवाळ्यात पुडिंग दोनदा करपलं, तेव्हा आम्हाला कळलं. धूर डोळ्यांत गेल्यावर ती उठली होती. रस्त्यावरची मळीसुद्धा तिला येत नव्हती. त्यानंतर तिनं शेगडी माळ्यावर टाकायला सांगितली. "अब बाजार से लाव," एवढंच बोलली. पन्नास वर्षं शेजारीपाजारी वाटलेलं गोड बाजारातून आणायचं, हे आम्हाला घरातलं माणूस कमी झाल्यासारखं वाटलं.

दुबईला असलेल्या भाईजाननं येताना एक विजेचं भांडं आणलं. स्लो कुकर. आत चिनी मातीचं जड भांडं, भोवती दोन-तीनशे वॅटची मंद धग. अम्मीनं ते बघितलं आणि म्हणाली, "डब्बे कू क्या मालूम कब हुआ?"

या डब्याचीही एक कहाणी आहे. अमेरिकेतल्या आयर्विंग नॅक्सन या माणसाला १९४० साली त्याचं पेटंट मिळालं. लिथुआनियातल्या ज्यू घरांतल्या चोलंट नावाच्या पदार्थाची गोष्ट त्यानं घरात ऐकली होती. शनिवारी, शब्बाथच्या दिवशी, चूल पेटवायची नाही. म्हणून शुक्रवारी सांजेआधी बायका आपापली भांडी बेकरीच्या भट्टीत ठेवून येत आणि रात्रभर ती मंद आचेवर शिजत. हे अम्मीला सांगितलं तेव्हा ती हसली. "मतलब हमारी नानकटाईच की!" डब्याशी तिची ओळख झाली ती तिथून.

पहिला प्रयोग फसला. या भांड्यातली वाफ बाहेर जात नाही. झाकणाला पाणी धरतं आणि थेंब थेंब पुडिंगवर पडतं. दुसऱ्या वेळी अम्मीनंच झाकणाखाली सुती फडकं ताणून बांधलं. मग रंगाचा प्रश्न. ओल्या वाफेची धग शंभर अंशांच्या वर जात नाही आणि खरपूस तांबूस रंगाला त्याहून बरीच जास्त लागते. तेव्हा नानकटाई या डब्याचं काम नाही. पुडिंगचा रंग अम्मीनं आधीच गॅसवर करून घेतला. डब्यात साखर वितळवून मधासारखी तांबूस केली, वर दूध-अंडी ओतली आणि भोवती पाणी घालून डबा कुकरमध्ये ठेवला. साखरेचा रंग डोळ्यांना दिसतो, वेळ घड्याळ सांगतं. नाकावाचून अडत नाही, हे तिच्या लक्षात आलं. एकदा मधेच वीज गेली, तर तिनं झाकण न उघडता भांड्यावर गोधडी टाकली. वीज येईपर्यंत धग टिकली.

२०२२ च्या ईदला अम्मीच्या हातचं पुडिंग पुन्हा गल्लीत गेलं. शेजारच्या काकूंना अंडं चालत नाही. त्यांच्या भावाकडची म्हैस व्याली होती. त्यांनी चीक आणून दिला, अम्मीनं गूळ-वेलची घालून वेगळ्या डब्यात त्याचा खरवस करून दिला. काकू म्हणाल्या, "भाभी, आता दिवाळीला माझ्या चिवड्यात मीठ किती ते तुम्हीच सांगायचं." मीठ-साखर जिभेला कळत होतं, हे त्यांनी बरोबर हेरलं होतं.

वास पूर्ण आलेला नाही. कधीतरी जायफळ येतं, कधी नुसतंच काहीतरी जळल्यासारखं. पण अम्मीनं धाकट्या नातीला हाताशी धरलं आहे. कुकर लावला की पोरीला अंगणात पाठवते. "वहाँ खडी रह. जब तेरेकू आए, तब बोल."

परवा पोरगी आत पळत आली, "दादी, झालं!" घड्याळात अजून दहा मिनिटं बाकी होती. आम्ही घड्याळाकडे बघितलं. अम्मीनं उठून झाकण काढलं.

पुडिंग झालं होतं.