पुढचं पुस्तक नको, हीच वजाबाकी

दुसरीतलं मूल गणितात वर्गाच्या पुढे आहे असं दिसलं की घरी त्याच्या हातात तिसरीचं पुस्तक येतं, नाहीतर अबॅकसचा क्लास लागतो. शाळेत बाई आणखी दहा उदाहरणं घालतात किंवा "शेजारच्याला समजावून सांग" म्हणतात. प्राथमिकच्या मुलांना गणित शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली. माझं मत असं, की या मुलांना गणितात अडायलाच मिळत नाही, आणि वरच्या कुठल्याही उपायानं ते मिळत नाही. तिसरीचं पुस्तकही ती भराभर संपवतात आणि पुढच्या जूनमध्ये वर्गात दुप्पट कंटाळतात.

वर्ग जे करतोय तेच या मुलाला करू द्यावं, फक्त त्यात एक प्रश्न घालावा. वर्गात हातच्याची वजाबाकी चालली आहे असं धरा. त्याला सांगा, दोन वेगवेगळे अंक घे. त्यांची मोठी संख्या कर, लहान कर, वजा कर. ५ आणि ३ घेतले तर ५३ वजा ३५, आले १८. आता १ आणि ८ घेऊन तेच: ८१ वजा १८, ६३. मग २७, ४५, ९. हे ९ म्हणजे ०९ धरायचे, की ९० वजा ९ होतात ८१, आणि पुन्हा ६३! इथे मूल थबकतं. दुसरे अंक घेऊन बघतं, तरी त्याच चक्रात येऊन पडतं. पाढे येत असतील तर सगळी उत्तरं नवाच्या पाढ्यातली आहेत हेही त्याला दिसतं. का? इथे ते अडतं. दोन दिवस अडू द्या, कृपा करून सांगू नका. फार तर काड्यांचे गठ्ठे पुढे ठेवा. पाच गठ्ठ्यांच्या जागी पाच सुट्या काड्या आल्या तर दर गठ्ठ्यामागे नऊ काड्या कमी होतात, हे सात वर्षांच्या मुलाला हातांनी सापडतं. ते सापडल्यावरचा त्याचा चेहरा मला कुठल्याही स्पर्धेच्या पदकापेक्षा मोलाचा वाटतो.

मग सगळे सारखे नसलेले तीन अंक घ्या, वजाबाकी ४९५ वर येऊन थांबते. चार अंकांना, सगळे सारखे नसले तर, जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येतात. ही संख्या शोधली द. रा. कापरेकरांनी. ते देवळालीला शाळेत शिक्षक होते. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा जगाला ते माहीत झाले. हे मुलाला जरूर सांगावं, पण ६१७४ त्याला स्वतःला मिळाल्यावर.

पुढे नेण्याला माझा सरसकट विरोध नाही. ज्युलियन स्टॅनली यांनी १९७१ मध्ये अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गणितात पुढे असलेल्या मुलांचा दीर्घ अभ्यास सुरू केला. वेगानं पुढे नेल्यानं त्या मुलांचं एकंदरीत नुकसान झालेलं दिसलं नाही. पण ती मुलं बारा-तेराच्या आसपासची होती. सात वर्षांच्या मुलाचं लिहिणं, डबा खाणं, रुसणं हे सगळं सातच वर्षांचं असतं.

शाळेत पालकांनी एकच विनंती करावी. दहा उदाहरणांतली सगळ्यात अवघड तीन त्याला आधी द्या. ती बरोबर आली तर बाकीची माफ, आणि उरलेल्या वेळात वहीच्या मागच्या पानावर त्याचा स्वतःचा प्रश्न. बाईंना त्यासाठी वेगळा तास काढावा लागत नाही. आठवड्यातून एकदा त्यांनी ते मागचं पान त्याच्याशेजारी बसून वाचावं.