ओळख

परवा नातवाचा फोन आला. कॉलेजचा पहिला दिवस. वर्गात प्रत्येकाने उभं राहून स्वतःची ओळख करून द्यायची होती म्हणे. "आबा, मी जाम अडखळलो," म्हणाला. मी हसलो. त्याला काय सांगणार? मी अजिबात अडखळलो नव्हतो.

जून १९७३. माण तालुक्यातल्या खेड्यातून मी साताऱ्याला कॉलेजात आलो होतो. (पायात नवी चप्पल, तीही मामाने घेतलेली.) सरांनी नाव, गाव आणि वडील काय करतात ते सांगायला सांगितलं. १९७२ च्या दुष्काळात आमची विहीर आटली होती. आई आणि दादा, म्हणजे वडील, रस्त्याच्या कामावर खडी फोडत होते. घरात मिलोची भाकरी. कामावर मिळालेली सुकडी आई पदरात बांधून धाकट्यांसाठी आणायची.

मी खणखणीत आवाजात सांगितलं, "वडील बागायतदार आहेत."

मग मागच्या बाकावरचा मुलगा उठला. नाव, गाव आणि "वडील दुष्काळी कामावर आहेत. सुट्टीत मीही तिथंच होतो." बसला. कोणीही हसलं नाही. मला मात्र मागे वळून बघवेना.

दिवाळीआधी दादा खाणावळीचे पैसे घेऊन आले. तोच मुलगा व्हरांड्यात उभा होता. त्याने दादांचे हात पाहिले, वाकून नमस्कार केला. मला एका शब्दाने काही बोलला नाही.

पुढे मास्तर झालो. दर जूनला नव्या वर्गात नाव विचारायचो, गाव विचारायचो. तिसरा प्रश्न कधी विचारला नाही.

दादांना ती बागायत शेवटपर्यंत कळली नाही.