वाक्यं टिकली, कादंबरी बदलली

पुनर्लेखन म्हणजे भाषेवरून हात फिरवणं, चार विशेषणं काढणं, शुद्धलेखन तपासणं, असा समज आपल्याकडे पक्का बसला आहे. संपादकांनी या अंकासाठी पुनर्लेखनावर लिहायला सांगितलं, तेव्हा नवोदितांना उपयोगी पडतील अशा सूचना त्यांना अपेक्षित असाव्यात. पण मूळ समजच चुकीचा असेल, तर सूचना काय कामाच्या? गोष्ट कोण सांगतंय, कोणत्या वयात आणि किती अंतरावरून सांगतंय, वाचकाला काय कधी कळतं, हे सगळं पुनर्लेखनात नव्याने ठरतं. या प्रश्नांची उत्तरं बहुतेकदा लिहून पाहिल्याशिवाय सापडतच नाहीत. म्हणून पहिला खर्डा विस्कळीत असतो, आणि तो तसा असण्यात लेखकाचा काही कमीपणा नाही.

याचा सर्वांत स्वच्छ पुरावा हार्पर लीच्या दोन पुस्तकांत आहे, आणि नेमका त्याचाच सर्वाधिक विपर्यास झाला. तिने १९५७मध्ये लिपिनकॉट या प्रकाशनसंस्थेला दिलेली संहिता होती ‘गो सेट अ वॉचमन’. टे हॉहॉफ या संपादिकेने ती दोनेक वर्षं पुन्हा पुन्हा लिहून घेतली आणि १९६०मध्ये ‘टु किल अ मॉकिंगबर्ड’ प्रसिद्ध झाली. तो जुना खर्डा २०१५मध्ये नवी कादंबरी म्हणून बाजारात आला. ‘मॉकिंगबर्ड’मधला न्यायनिष्ठ वकील अ‍ॅटिकस फिंच इथे वर्णद्वेषी गोऱ्यांच्या सभेत बसलेला पाहून वाचक हादरले. कुणी म्हणालं, म्हातारपणी तो बिघडला. कुणी म्हणालं, खरा अ‍ॅटिकस हाच. दोन्ही निष्कर्ष चूक आहेत. ‘मॉकिंगबर्ड’मध्ये निरपराध कृष्णवर्णीय आरोपी दोषी ठरतो, ‘वॉचमन’मध्ये त्या खटल्याची ओझरती आठवण येते, आणि तिथे आरोपी निर्दोष सुटलेला आहे. मग एक पुस्तक दुसऱ्याचा उत्तरार्ध कसं ठरेल? आता थोडं तांत्रिक बोलणं भाग आहे. ‘वॉचमन’चं निवेदन तृतीयपुरुषी आहे. त्यात अ‍ॅटिकसची २६ वर्षांची मुलगी जीन लुईस न्यू यॉर्कहून मेकॉम्ब या गावी येते, वडिलांशी आणि काकांशी वाद घालते, आणि प्रसंगांच्या जागी भाषणं येतात. ‘मॉकिंगबर्ड’मध्ये तीच, स्काउट या टोपणनावाने, ‘मी’ म्हणून बोलते. अनुभव घेणारी पोर सहा ते नऊ वर्षांची आहे, सांगणारी बाई मोठी आहे. पोरीला दिसतं पण उमगत नाही. बाईला उमगलेलं असतं, पण ती बहुतेक वेळा मध्ये तोंड घालत नाही. कादंबरीचं सगळं बळ या अंतरात आहे. आणि तरीही मेकॉम्ब गावाच्या वर्णनाचे काही उतारे दोन्ही पुस्तकांत जवळपास शब्दशः सारखे आहेत! माझ्या लेखी हा पुरावा निर्णायक आहे. चांगली वाक्यं खर्ड्यातही होती आणि ती टिकली. बदलली ती कादंबरी.

हे एकट्या लीचं नाही. दोस्तोयेव्हस्कीने ‘क्राइम अँड पनिशमेंट’ आधी गुन्हेगाराच्या कबुलीजबाबासारखी प्रथमपुरुषात लिहिली. १८६५च्या नोव्हेंबरात ते लिखाण जाळून त्याने तृतीयपुरुषी निवेदनात नव्याने सुरुवात केली. ‘द ग्रेट गॅट्सबी’ची संहिता वाचून संपादक मॅक्सवेल पर्किन्सने १९२४मध्ये फिट्झजेराल्डला कळवलं की नायक गॅट्सबी धूसर वाटतो. तेव्हा त्याने गॅली प्रुफांवर प्रकरणं फिरवली आणि गॅट्सबीच्या पूर्वायुष्याचा काही भाग अलीकडे आणला. प्रुफं हातात आल्यावर एवढी उलथापालथ करायची, तर लेखकाइतकीच प्रकाशकाचीही छाती लागते.

यावर हमखास आक्षेप येतो की पुनर्लेखनाने उत्स्फूर्तता मरते, आणि दाखला मिळतो केरुआकचा. एप्रिल १९५१मध्ये त्याने ‘ऑन द रोड’ तीन आठवड्यांत कागदाच्या एका सलग गुंडाळीवर टंकलिखित केली, हे खरंच आहे. पण त्याआधीच्या वह्या आणि सोडून दिलेले खर्डे १९४०च्या दशकापर्यंत मागे जातात, आणि पुस्तक निघालं १९५७मध्ये, बदल होऊन. आपल्याकडे ‘कोसला’चं नाव घेतात. १९६३ची ही कादंबरी नेमाड्यांनी झपाट्याने लिहिली. पण पांडुरंग सांगवीकरचा ‘मी’ सुरुवातीपासून इतका ठाम आहे की, कोण बोलतंय हा प्रश्न लेखणी उचलण्याआधीच सुटला असावा, असं मला वाटतं. प्रत्येकाचा तो सुटतो असं नाही, आणि अशा अपवादाच्या बळावर पहिला खर्डा छापायला धाडणं हा वाचकावर अन्याय आहे.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: मग पुस्तक लेखकाचं की संपादकाचं? हॉहॉफने प्रश्न विचारले, पण स्काउटचा आवाज लीनेच शोधला. पर्किन्सने धूसरपणा दाखवला, पण उपाय फिट्झजेराल्डचा होता. मराठीत श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी ‘मौज’मध्ये याच जातीचं काम निष्ठेने केलं. आज मात्र अनेक कादंबऱ्यांच्या वाट्याला फक्त मुद्रितशोधक येतो. तो ऱ्हस्व-दीर्घ बिनचूक करील, पण ही गोष्ट थोरल्या भावाऐवजी धाकट्या बहिणीने सांगायला हवी होती, हे सांगणं त्याचं काम नव्हे आणि त्याचे त्याला पैसेही मिळत नाहीत. दिवाळीपर्यंत पुस्तक यायलाच हवं म्हणून पावसाळ्यात आलेली संहिता तशीच छापखान्यात जाते. लेखकाने करार करतानाच पुनर्लेखनासाठी एक पूर्ण वर्ष आणि संहितेवर वाद घालणारा एक संपादक मागून घ्यावा; प्रकाशक नाही म्हणाला, तर दुसरा प्रकाशक गाठावा.