बारा जणांची शनिवारची बैठक

केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात मराठी माणूस शिरतो तो रँग्लर परांजप्यांचे नाव मनात घेऊनच. १८९९ साली ते इथूनच सीनिअर रँग्लर झाले. मीही त्या चौकात तासभर रेंगाळलो. पण मला आणखीही एक कुतूहल होते. १८२० साली याच कॉलेजातल्या जॉर्ज टॉमलिन्सन या विद्यार्थ्याने मित्र जमवून एक मंडळ काढले. सभासद बारा, म्हणून त्यांना नाव पडले 'अपॉसल्स', म्हणजे ख्रिस्ताचे बारा शिष्य! पुढे मंडळाचा मुक्काम ट्रिनिटी आणि किंग्ज कॉलेजांत हलला.

त्यांची रीत मोठी गमतीची. शनिवारी रात्री कोणाच्या तरी खोलीत गुपचूप जमायचे. एकाने शेकोटीपुढच्या गालिच्यावर उभे राहून निबंध वाचायचा, बाकीच्यांनी वाद घालायचा आणि शेवटी मते घ्यायची. निबंध जायचे एका जुन्या पेटीत. खायला टोस्टवर तारल्या. त्यांना हे लोक म्हणत 'देवमासे'! (आमच्या कोकणात कोणी असे म्हटले तर कोळीणबाई टोपली उचलून चालू लागेल.) कवी टेनिसन, बर्ट्रांड रसेल, कादंबरीकार फॉर्स्टर, अर्थशास्त्रज्ञ केन्स हे सारे या बैठकीतले. कसलीही भीड न ठेवता सत्य शोधायचे, हा तिथला बाणा.

आणि बाई मात्र एकही नाही.

हे लोक ढोंगी असते तर मला काही वाटले नसते. पण ते खरोखरच मोकळ्या मनाचे होते. बोचते ते हेच. त्यांच्यातल्याच हेन्री सिज्विक यांनी १८७१ साली बायकांच्या शिक्षणासाठी पुढाकार घेतला, आणि त्यातूनच न्यूनम कॉलेज उभे राहिले. नदी ओलांडून मी तिथवर चालत गेलो. १८९७ साली, परांजपे इथे शिकत असताना, बायकांना पदव्या द्याव्यात की नाही यावर मतदान झाले. सायकलवर बसलेल्या बाईचे बाहुले विद्यार्थ्यांनी सेनेट हाउससमोर टांगले. ठराव अर्थातच आपटला.

परांजप्यांची कन्या शकुंतलाबाई याच न्यूनममध्ये गणित शिकल्या आणि १९२९ साली ट्रायपॉस उत्तीर्ण झाल्या. तोवर बायकांना पदवी मिळू लागली होती, पण नुसती नावाची. विद्यापीठाच्या कारभारात त्यांना वाटा नव्हता. पुरुषांच्या बरोबरीची पदवी यायला १९४८ साल उजाडले. शनिवारच्या त्या बैठकीत बाई येऊन बसली ती तर १९७०च्या दशकात.

आणि वडिलांच्या सेंट जॉन्समध्ये पदवीच्या वर्गाला मुली आल्या १९८२ साली. शकुंतलाबाई तेव्हा ७६ वर्षांच्या होत्या.